धरण फुटलं म्हणून

पुण्याला पानशेतचा विसर पडला, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मी गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत वाढले. 12 जुलै 1961 चा दिवस तासातासाने सांगणारं माणूस तिथे घरटी एक होतं. सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला गेलं, लकडी पूल पाण्याखाली. आमची आई वाहून गेलेल्या भांड्यांची नावं अजून घ्यायची: पितळी पिंप, दोन घागरी, रुखवतातला तांब्या. नारायण पेठेतला वाडा मालकाचा होता, त्यामुळे त्याबद्दल ती फारशी हळहळली नाही. पण तांब्या!

आठवण अशी शाबूत होती. धडा मात्र आम्ही सोयीचा घेतला.

पानशेतचं काम अर्धवट होतं. ते घाईने उरकून त्या पावसाळ्यातच पाणी अडवलं. बांध खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. खाली शहराला मात्र कुणी वेळेवर सावध केलं नाही. मग न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग आला, त्यांनी आत्महत्या केली, पुढे नाईक आयोग बसला. सगळी चौकशी धरणाची. ती हवीच होती. पण तिच्यातून गावाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: नदी बिचारी गरीब, चूक इंजिनिअरांची. धरण नीट बांधलं की झालं.

पानशेत पुन्हा बांधलं. पुढे वरसगाव झालं, टेमघर झालं. वर चार धरणं, त्यामुळे खाली मुठा वर्षातले बरेच महिने ओढ्याएवढी. कोरडं पात्र म्हणजे फुकटची जागा, असं दिसायला कितीसा वेळ लागतो? पात्रातून रस्ता काढला. भिडे पूल इतका खाली बांधला की दर पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात लॉन्स आणि मंगल कार्यालयं उभी राहिली. रात्री येऊन राडारोडा टाकणाऱ्या ट्रकांची तर गणतीच नाही.

पूरग्रस्तांची काही कुटुंबं सहकारी संस्था करून सहकारनगरला राहायला गेली. नदीपासून लांब, सुरक्षित जागा. पण तिथून आंबिल ओढा जातो, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला तेव्हा त्या ओढ्याने भिंती पाडल्या, मोटारी एकमेकींवर चढवल्या, माणसं नेली. त्या रात्री कुठलंही धरण फुटलं नव्हतं.

25 जुलै 2024 लाही नव्हतं फुटलं. खडकवासल्यातून रात्रीत विसर्ग वाढवला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले ते पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्यावरच. डेक्कनजवळ पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. न सांगता पाणी सोडलं, असा लोकांचा आरोप होता. तो समजण्यासारखा आहे. आमच्या आईचंही तेच म्हणणं होतं.

पण जरा हिशेब मांडा. नकाशावरची निळी रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, 60 हजार क्युसेकची. लाल रेषा 1 लाखाची. एकतानगरी बुडाली ती 35 हजारांच्या आसपास. रेषा कागदावर होती तिथेच आहे. भराव टाकटाकून पात्रच आकसलं.

सध्या मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठांचं सुधारकाम चालू आहे. त्यात काठाला बांध आहेत, चालायला वाटा आहेत, बसायला बाकंही असतील. त्या आराखड्याच्या बैठकांना गोखलेनगरातल्या एखाद्या म्हातारीला बोलावलं असेल असं मला तरी वाटत नाही.