बांगड्या भरा म्हणणाऱ्यांनो, जरा 'कीचकवध' आठवा

निवडणूक आली की कुणीतरी विरोधकाला 'बांगड्या भरा' म्हणतोच, आणि आपणही टाळ्या वाजवतो. तेव्हा मला खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवतं.

१९०७ साली हे नाटक रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल आणि सैरंध्रीत परतंत्र हिंदभूमी. सरकारनेही ते बरोबर ओळखलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

जुलमाविरुद्ध उभं राहा, हे तेव्हा सांगायलाच हवं होतं. पण मर्दपणाचं माप काय ठरलं बघा. संयम धरणारा युधिष्ठिर कमी पडला, मुठी वळणारा भीम पुरुष ठरला. अन्याय जिच्यावर झाला, दाद जिने मागितली, भीमाला जिने जागं केलं, ती सैरंध्री मात्र 'अब्रू' होऊन राहिली.

गंमत म्हणजे त्या काळी सैरंध्रीही पुरुष नटच साकारायचा. लुगडं नेसून, हातात बांगड्या भरून! नाटकात न्याय मागणारा पहिला आवाज त्याच पात्राचा. मग सांगा मंडळी, बांगड्या ही शिवी कशी झाली?