सकळ लिपी : अक्षरकोड्यात दडलेली आद्य मराठी

१/ शब्दकोड्यामागचे गुप्त सूत्र सापडले की सारी उत्तरे उलगडतात. आद्य मराठी गद्याभोवती असेच कोडे शतकानुशतके होते.

२/ गोदाकाठच्या सराळे गावचे (आजचा अहिल्यानगर जिल्हा) म्हाइंभट. तेराव्या शतकात त्यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या.

३/ पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. मूळ अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह. भाषा मराठीच, किल्ली मात्र पंथीयांपाशी.

४/ बाहेरच्यांच्या हाती उरल्या त्या केवळ पंथाविषयीच्या वावड्या.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पंथाची बाजू त्याच्याच शब्दांत वाचता येऊ लागली आणि मराठी गद्याला आपला तेराव्या शतकातील उगम गवसला.