किर्लोस गावापासून किर्लोस्करवाडीपर्यंत

आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आडनाव तयार होते. माणूस गाव सोडून कुठेही गेला तरी गाव त्याच्या नावामागून चालत राहते. अशी आडनावे तर आपल्या मंडळाच्या सभासद-वहीतच निम्म्याहून अधिक सापडतील. परंतु आडनावावरून उलट गाव तयार व्हावे, आणि त्या गावाचे नाव रेल्वेच्या स्टेशनालाही मिळावे, असे क्वचितच घडते. पुणे-मिरज लोहमार्गावर ताकारी सोडले की पुढचे स्टेशन किर्लोस्करवाडी. आपल्यापैकी पुष्कळजणी तेथून कितीदा तरी गेल्या असतील. त्या पाटीवरचे नाव कोठून आले आणि त्या एका नावाखाली काय काय घडले, ते मला जेवढे ठाऊक आहे तेवढे येथे मांडते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा भगिनींनी ठेवू नये. वाचनाची आवड मात्र आहे.

कोकणात मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे एक लहान गाव आहे. तेथील म्हणून हे किर्लोस्कर. पुढे ही मंडळी घाट चढून बेळगावच्या बाजूला आली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे कानडी मुलखातले गाव. दोन फार मोठी माणसे या एकाच गावी जन्माला आली, एक नाटकवाले आणि एक नांगरवाले. दोघांच्या वयात सव्वीस वर्षांचे अंतर.

नाटकवाले म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. सारा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब म्हणूनच ओळखतो. जन्म १८४३ चा. सरकारी कचेरीत नोकरी करावी आणि मनात नाटक घोळवावे, असा त्यांचा संसार. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. कालिदासाची शकुंतला मराठीत गाऊ लागली ती त्या रात्री. दोनच वर्षांनी, १८८२ साली, ‘सौभद्र’ आले. सौभद्र म्हणजे तसे घरगुती नाटक आहे. बहिणीचे लग्न भाऊ एकीकडे ठरवतो, तिचे मन दुसरीकडे, आणि धाकटा भाऊ हसत हसत गुंता सोडवतो. असले प्रसंग कोणत्या घरात घडत नाहीत? म्हणूनच हे नाटक एवढे टिकले असावे, असे माझे आपले मत. अण्णासाहेब १८८५ साली अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी वारले. तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले.

अण्णासाहेब गेले तरी त्यांची ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ पुढे कित्येक वर्षे चालली. सुभद्रेचे काम भाऊराव कोल्हटकर करीत. त्या काळी कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल ठेवणे अशक्यच होते; शकुंतलेचे आणि सुभद्रेचे दुःख पुरुषांनी लुगडे नेसून गावे आणि बायकांनी ते ऐकून डोळे पुसावेत, अशी रीत. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा तरुण मंडळीत आला, तोच आपला बालगंधर्व. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह तो बाहेर पडला व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दीनानाथ मंगेशकर हेही काही काळ किर्लोस्कर मंडळीतच होते. १९१८ साली तेही स्वतंत्र झाले. म्हणजे या नावाखाली जी माणसे नावारूपास आली, त्यांतील बहुतेकांचे आडनाव किर्लोस्कर नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढेही तेच दिसणार आहे.

आता नांगरवाले. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९. चित्रकार व्हावे म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगच नीट ओळखता येईनात. डोळ्यांतच दोष होता. तेव्हा रंग बाजूला ठेवून ते यंत्रांची चित्रे काढण्याकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे नोकरीतील बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते कायमचे बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. आज हे ऐकून हसू येते. पण ज्याचे पोट जमिनीवर आहे, त्याने नव्या वस्तूला भ्यावे यात नवल ते काय? आपल्या आयांनी प्रेशर कुकर पहिल्यांदा चुलीवर ठेवला तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या होत्या, हे आठवून पाहावे.

इतक्यात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना उठावे लागले. त्या सुमारास औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांच्याकडे होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांची यांच्याशी ओळख. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे खडकाळ माळ. निवडुंग आणि साप. तेथे १० मार्च १९१० रोजी पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह राहावयास आले. तीच किर्लोस्करवाडी. बेळगावातही आज ‘किर्लोस्कर रोड’ आहे, हा एक गमतीचा भाग.

या पंचवीस कुटुंबांपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. कारखान्याच्या इतिहासात रामूअण्णांचे नाव येते, यंत्रात डोके चालणाऱ्या शंभोराव जांभेकरांचे येते, हिशेब सांभाळणाऱ्या मंगेशराव रेग्यांचे येते, शाळा अर्धवट सोडूनही उत्तम कारागीर निघालेल्या अनंतराव फळणीकरांचे येते. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोश्याला लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि वाडीत शिवाशिव पाळू दिली नाही, हे तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. पण निवडुंगाच्या माळावर चुली कोणी मांडल्या? पाणी कोणी आणले, सापाच्या भीतीने रात्री मुलांना उराशी कोणी धरले? लक्ष्मणरावांच्या पत्नीचे नाव राधाबाई. आपल्या मंडळात मी हा प्रश्न सहज विचारून पाहिला, तेव्हा लक्ष्मणरावांचे नाव सगळ्यांना ठाऊक होते आणि राधाबाईंचे दोघींना. आडनाव जसे बापाकडून मुलाकडे जाते, तसाच इतिहासही जातो की काय, कोण जाणे.

माझे माहेर भिलवडीकडचे, म्हणजे वाडीपासून जवळच. लहानपणी ‘किर्लोस्कर’ हे माणसाचे नाव आहे हे मला माहीतच नव्हते. वडील म्हणत, “औंदा विहिरीवर किर्लोस्कर बसवला.” शेजारचे म्हणत, “आमचा किर्लोस्कर बिघडलाय.” पंप म्हणजे किर्लोस्कर, असेच आम्हां मुलांना वाटे. रात्री वीज आली की तो सुरू होई आणि आई कंदील घेऊन दारे धरायला जाई. माणसाचे आडनाव होते गावाचे, मग गावाला आडनाव मिळाले माणसाचे, आणि शेवटी ते शेतातल्या यंत्राचे नाव होऊन बसले. यंत्राला चिकटले तेव्हा ते खरे घरोघर गेले.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ साली परतले आणि कारभार वाढत गेला. १९४१ साली हरिहरला यंत्रे घडविणारी ‘म्हैसूर किर्लोस्कर’ निघाली (ती पुढे बंद पडली), १९४६ साली पुण्यास ऑइल एंजिन्सचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना, १९६२ साली कोथरूडला ‘किर्लोस्कर कमिन्स’. या शेवटच्या कंपनीतून पुढे किर्लोस्करांनी आपला वाटा काढून घेतला आणि तिच्या नावातून त्यांचे आडनावही गेले. एखाद्या घरातून माणूस निघून जावा आणि दारावरची पाटी बदलावी, तसेच ते.

परंतु नाव मोठे झाले की त्याच्यावर येणारे संकटही मोठे असते. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली. खुनी ब्राह्मण म्हणून आपल्या दक्षिण महाराष्ट्रात कितीतरी ब्राह्मणांची घरेदारे जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या वाडीत शिवाशिव नव्हती आणि ज्या भट्टीवर सर्व जातींचे हात एकत्र राबत होते, तिच्यावर ही पाळी यावी! त्या दिवसांत आडनावच माणसाचा वैरी झाले होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि आजही वाडीत पंप तयार होतात. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता मला ज्याविषयी लिहावयाचे होते त्याकडे येते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे ‘शंवाकि’. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना कळावी म्हणून १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. नांगर-चरकांच्या माहितीशेजारी हळूहळू गोष्टी आल्या, लेख आले, शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे आली. ‘खबर’ शब्द गळला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ मासिक राहिले. बुवाबाजीवर कोरडे ओढणारे, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापणारे असे ते मासिक. १९३४ साली तरुणांसाठी ‘मनोहर’ निघाले.

त्याआधी, ऑगस्ट १९३० मध्ये, त्यांनी ‘स्त्री’ काढले. कारखान्याच्या गावातून, नांगर ओतणाऱ्या माणसांच्या छापखान्यातून, बायकांसाठी मासिक! आणि तेही नुसत्या लोणच्या-पापडांचे नव्हे. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, घटस्फोट, संततिनियमन हे विषय त्यात उघडपणे आले. ज्या गोष्टी विहिरीच्या काठावरही दबक्या आवाजात बोलल्या जात, त्या छापून आल्या. माझ्या सासूबाईंच्या आईकडे ‘स्त्री’ येत असे. त्यांचे यजमान तो अंक प्रथम स्वतः वाचून मगच घरात देत, असे सासूबाई सांगतात. काही पाने कात्रीने कापलेली असत. कापलेल्या पानांवर काय होते, ते शेजारणीच्या अंकात वाचावयाचे!

१९६४ साली विद्या बाळ या मासिकात आल्या. १९८३ ते १९८६ त्या संपादक होत्या. पुढे मासिके किर्लोस्कर घराण्याकडे राहिली नाहीत. विद्याताईंनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. त्या २०२० साली गेल्या. त्यांचेही आडनाव किर्लोस्कर नव्हे. पण नाटक मंडळीविषयी मी जे वर म्हटले, ते येथेही खरे ठरते.

एका नावाचा हक्क कोणाचा, हा प्रश्न कोर्टातही गेला आहे. दुसऱ्या काही कंपन्यांनी आपल्या नावात ‘किर्लोस्कर’ घातले, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात तो वाद चालला. हे नाव लोकांच्या मनात एका विशिष्ट उद्योगाशी जोडले गेले आहे, सबब दुसऱ्यांनी ते व्यापारासाठी वापरू नये, असा निकाल लागला. अलीकडच्या वर्षांत घराण्यातील भाऊभाऊही कोर्टाची पायरी चढले आहेत. त्यात आपण पडू नये. मला मात्र या निकालाचे कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. आपणां बायकांचे आडनाव लग्नाच्या दिवशी एका सहीने बदलते, आणि त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. मी माझे माहेरचे आडनाव गेल्या पंचवीस वर्षांत दोनदाच लिहिले आहे. एकदा वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर, आणि एकदा मुलीच्या शाळेच्या अर्जात, चुकून आलेल्या एका रकान्यात.

आपल्या मंडळाच्या कपाटात ‘स्त्री’चे जुने अंक आहेत. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते दिले. एकूण एकतीस आहेत, सलग नाहीत. काहींची बांधणी सुटली आहे आणि एकाला वाळवीने पोखरले आहे. मंगळवारी दुपारी तीन ते पाच कपाट उघडे असते. अंक घरी नेऊ नयेत, तेथेच बसून वाचावेत. पाने जपून उलटावीत, आणि कात्री आणू नये.