बिनशिक्क्याची पटाशी

जुन्या बाजारात बिनशिक्क्याची पटाशी हाती आली, की ती कोणी घडवली असा प्रश्न पडतो. इंग्लंडातील शेफील्डच्या पटाशीचे उदाहरण घेऊ. लोखंडाला पोलाद कोठे जोडले, ते सांध्याच्या रेषेवरून दिसते. मुठीत शिरणाऱ्या शेपटाजवळचा खांदा घडणीची तऱ्हा सांगतो, आणि चाकाचे ओरखडे घासणाऱ्याचा हात दाखवतात. एवढ्यावरून गावाचा व काळाचा अदमास लागतो. नाव क्वचितच सापडते.

त्याचे कारण तेथील कामाच्या वाटणीत आहे. सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांचे मंडळ तेथे १६२४ साली स्थापन झाले व त्याच्याकडे शिक्के नोंदले जाऊ लागले. परंतु घडणारा, घासणारा व मूठ बसवणारा हे बहुधा निरनिराळे कारागीर असत. शिक्का पडे तो मालकाचा किंवा व्यापाऱ्याचा. काटे कोरड्या चाकावर घासणारे तर धुळीने ऐन तारुण्यात मरत, असे डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली नोंदवले.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शिक्का सापडला, की शोधकाचे समाधान होते. आमचे होत नाही. पेढीचे नाव कळल्यावरही, हे पाते कोणी घासले आणि तो किती वर्षे जगला, हे विचारायचे राहतेच.