मानोंग लोकांची पलटण

एका देशाने दुसऱ्या देशाला तिसराच देश विकला, तर त्यातल्या माणसांचं काय होतं? १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केला आणि बदल्यात दोन कोटी डॉलर घेतले. तिथल्या लोकांना कुणी विचारलंच नाही. ते झाले अमेरिकेचे 'नॅशनल'. म्हणजे निष्ठा अमेरिकेशी ठेवायची, पण नागरिक व्हायचं नाही! फायदा एकच. अमेरिकेत यायला त्यांना अडवता येत नव्हतं.

१९०६ मध्ये पहिले १५ मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर पोचले. मागून हजारो आले. कॅलिफोर्नियात स्टॉकटनला ॲस्परॅगस काढायचा, सालिनासला लेट्यूस, आणि उन्हाळ्यात अलास्कातल्या सामन माशांचे डबे भरायच्या कारखान्यांत जायचं. बहुतेक सगळे तरुण, एकटे पुरुष. पुढच्या पिढ्या त्यांना 'मानोंग' म्हणू लागल्या. इलोकानो भाषेत मानोंग म्हणजे मोठा भाऊ, आपल्या 'दादा'सारखं.

हात हवे होते, माणसं नको होती. जानेवारी १९३० मध्ये वॉट्सनव्हिलला गोऱ्या जमावाने फिलिपिनोंवर हल्ले केले, त्यात फर्मिन टोबेरा हा तरुण गोळी लागून मेला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांच्या गोऱ्या मुलींशी लग्नावर बंदी घातली. १९३४ मध्ये फिलिपिन्सला दहा वर्षांनी स्वातंत्र्य द्यायचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याने तिथून येणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला फक्त ५०! त्याच वर्षी सालिनासला लेट्यूसच्या शेतांवर संप झाला, तेव्हा फिलिपिनो मजुरांची छावणी जाळण्यात आली.

मग डिसेंबर १९४१ उजाडला. पर्ल हार्बरनंतर काही तासांतच जपानने फिलिपिन्सवर बॉम्ब टाकले. हे लोक सैन्यात भरती व्हायला धावले, तर उत्तर मिळालं, तुम्ही नागरिक नाही, नियमात बसत नाही. पण गरज पडली की नियम किती भराभर बदलतात बघा. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिनो बटालियन उभी राहिली, आणि जुलैमध्ये तिची रेजिमेंट झाली. कुठे? त्याच सालिनासमध्ये! पुढे दुसरी रेजिमेंटही झाली. दोन्हींत मिळून ७,००० च्या वर सैनिक होते. बंदुकीबरोबर त्यांना बोलोही मिळाला, म्हणजे त्यांच्याकडचा कोयता.

फेब्रुवारी १९४३ मध्ये कॅम्प बीलच्या मैदानावर सुमारे १,२०० जणांनी एकत्र नागरिकत्वाची शपथ घेतली. तरीही जवळच्या मेरीसव्हिल गावात हॉटेलवाले त्यांना वाढत नव्हते. शेवटी त्यांचे कमांडर ऑफ्ली यांनी गावच्या व्यापाऱ्यांना खडसावलं. लग्नबंदी तर कायम होती, म्हणून सैनिक आणि त्यांच्या मैत्रिणींना बसमध्ये बसवून न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला नेलं आणि तिथे लग्नं लावली. १९४४ मध्ये ही पलटण न्यू गिनीला गेली आणि १९४५ मध्ये लेते आणि सामार बेटांवर लढली. काहींना तर पाणबुडीतून आधीच गुप्तपणे फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर उतरवलं होतं. कित्येक जण १५-२० वर्षांनी मायदेशी परतत होते, तेही दुसऱ्या देशाचा गणवेश घालून.

१९४६ साल मात्र विचित्र आहे. जुलैत लूस-सेलर कायद्याने सगळ्या फिलिपिनोंना नागरिकत्वाचा रस्ता उघडला. आणि बरं का, हाच कायदा आपल्या भारतीयांनाही लागू होता! त्याच्याच जोरावर दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसरा एक कायदा झाला होता. फिलिपिन्समध्येच राहून अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या दोन लाखांहून जास्त सैनिकांची सेवा त्याने बहुतेक सवलतींसाठी धरायचीच नाही असं ठरवलं. म्हणजे दोन भावांतला सालिनासला भरती झालेला 'अमेरिकन सैनिक', आणि बातानच्या जंगलात लढलेला कुणीच नाही.

त्या दुसऱ्या भावाला २००९ मध्ये एकरकमी पैसे मंजूर झाले. अमेरिकन नागरिक असेल तर १५,००० डॉलर, नसेल तर ९,०००. तोपर्यंत ६३ वर्षं गेली होती आणि बहुतेक जण उरलेही नव्हते. जे उरले, त्यांनाही पैसे देण्याआधी तोच जुना प्रश्न विचारला गेला, तू नागरिक कुठला?