सांजवेळेचें फूल आणि केशराचें कूळ

नांदेड-लातूरकडील जुन्या माळवदी घरांत न्हाणीचें पाणी जेथें वाहून जातें, तेथें गुलबासाचें एखादें झुडूप बहुधा असावयाचेंच. त्याला कोणी मुद्दाम पाणी घालीत नाहीं, कोणी खत देत नाहीं. उन्हें कललीं आणि गुरें रानांतून परतूं लागलीं, कीं त्याच्या कळ्या उमलतात. दुसऱ्या दिवशीं ऊन चढलें, कीं त्या मिटून जातात. घरोघरीं घड्याळें नव्हतीं त्या काळीं दिवेलागण जवळ आल्याची वर्दी हें झुडूपच देत असे. इतका घरोबा असूनहि हें झाड मूळचें इकडचें नव्हे. तें अमेरिका खंडांतून आलें. सायंकाळीं उमलणाऱ्या फुलांचें दुसरें एक मोठें घराणें आफ्रिकेच्या दक्षिण भागांत आहे. तें मात्र युरोप-हिंदुस्थानच्या जहाजांच्या वाटेवर असूनहि इकडे कधीं रुजलें नाहीं. एकानें येथें घर केलें आणि दुसरें मागेंच राहिलें, असें कां व्हावें, ह्याचा शोध घेण्यासारखा आहे.

ह्या दुसऱ्या घराण्याचें शास्त्रीय नांव हेस्पेरॅन्था. ग्रीक भाषेंत ‘हेस्पेरा’ म्हणजे सायंकाळ आणि ‘अँथॉस’ म्हणजे फूल. जॉन केर गॉलर ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १८०४ सालीं हें नांव रूढ केलें. दक्षिण आफ्रिकेंतील आफ्रिकान्स भाषेंत ह्या फुलास ‘आंदब्लोम’ म्हणतात, आणि त्याचाहि अर्थ सांजफूल असाच होतो. पंडितानें आणि शेतकऱ्यानें एकाच वस्तूकडे पाहून एकच नांव उच्चारावें, असे योग थोडे. ह्या प्रजातींत ऐंशींहून अधिक जाति आहेत. जमिनींत लहानसा कंद, वर पात्यासारखीं अरुंद पानें आणि बारीक दांड्यावर सहा पाकळ्यांचीं फुलें, असें ह्या झाडाचें सर्वसाधारण रूप असतें. सर्वच जाति सायंकाळीं फुलत नाहींत. कांहीं दिवसाहि उमलतात. परंतु ज्या सांजवेळीं फुलतात, त्यांचीं फुलें बहुधा पांढरीं किंवा फिकट असून त्यांना गोड वास असतो. अंधारांत भडक रंगाचा उपयोग नाहीं. पांढरेपणा तेवढा दुरून दिसतो, आणि जें दिसत नाहीं त्याची वाट वास दाखवितो. हा सारा थाट पतंगांसाठीं असतो. तेच परागांची नेआण करतात.

हें फूल ज्या कुळांतलें, त्या कुळाची मराठी माणसास निराळ्या नांवानें चांगली ओळख आहे. तें केशराचें कूळ. देवाच्या गंधांत आणि श्रीखंडांत जें केशर पडतें, त्याचें फूल म्हणजे ह्या सांजफुलाचें भावंडच. लातूरच्या शेजारीं ह्या कुळाचा एक जुना आणि मोठा संबंध आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, हें कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यांत असलें तरी लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. तेथें सहावा विक्रमादित्य इ. स. १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्या सभेंत बिल्हण नांवाचा काश्मिरी कवि विद्यापति म्हणून होता. बिल्हणाचें जन्मग्राम खोनमुख हें केशराच्या मुलखांतलें, आणि ‘विक्रमाङ्कदेवचरित’ ह्या आपल्या काव्यांत त्यानें काश्मीरच्या केशराचा उल्लेख मोठ्या अभिमानानें केला आहे. कवि दख्खनेंत आला आणि मानानें राहिला. परंतु त्याच्या गांवचें फूल मात्र त्याच्या मागोमाग येऊं शकलें नाहीं. दख्खनेंत आलें तें वाळलेलें केशर, जिवंत रोप नव्हे.

ह्याचें कारण केशराच्या जातकुळींतच आहे. केशराचें फूल बी धरीत नाहीं. त्याचा कंद माणसानें उकरावा, निवडावा आणि पुन्हां लावावा, तेव्हांच त्याचा वंश चालतो. शरद ऋतूच्या अखेरीस भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वीं, हीं फुलें खुडावीं लागतात. आणि सुमारें दीडशें फुलांचे तंतु वाळविले, म्हणजे कोठें एक ग्रॅम केशर हातीं येतें. सांजफूल पतंगाची वाट पाहतें, तर केशराचें फूल माणसाच्या हाताची. शिवाय त्याला काश्मीरची थंडी लागते. ती मराठवाड्यानें आणावी कोठून?

आतां आफ्रिकेकडे वळूं. डच कंपनीनें १६५२ सालीं केपच्या टोकाशीं आपलें ठाणें वसविलें. युरोपांतून आशियाकडे निघालेलीं तिचीं जहाजें तेथें थांबत, पाणी व भाजीपाला घेत आणि पुढें जात. ह्याच कंपनीची वखार कोकणांत वेंगुर्ल्यासहि होती. कार्ल पीटर थुनबर्ग हा लिनीअसचा शिष्य १७७२ पासून तीन वर्षें केपच्या रानांत वनस्पति गोळा करीत हिंडला. तेथून तो जपानपर्यंत गेला आणि परततांना सिंहलद्वीपासहि राहिला. म्हणजे वाट होती, जहाजें होतीं आणि फुलांचे जाणकारहि होते. अडचण निघाली ती पावसाची. केपच्या बाजूस पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील कंद थंड ओलीवर वाढतात आणि उन्हाळाभर जमिनींत निजून राहतात. मराठवाड्याचा पाऊस आषाढ-श्रावणाचा, आणि त्यापूर्वींचा वैशाख अंगाची लाही करणारा. आफ्रिकेच्या पूर्वेकडील पर्वतांत उन्हाळी पावसावर जगणाऱ्याहि ह्या प्रजातीच्या जाति आहेत. पण त्यांना डोंगरांतला गारवा लागतो. ज्या लातूर शहरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें अशा नाजूक कंदांचा निभाव लागणें कठीणच.

तथापि त्याच मुलखांतलें, त्याच कुळांतलें एक फूल आज नांदेड-लातूरच्या लग्नमंडपांत सर्रास दिसतें. तें ग्लॅडिओलस. त्याचे अनेक पूर्वज आफ्रिकेच्या दक्षिण भागांतले. लंडनच्या चेल्सी भागांतील कोलव्हिल ह्यांच्या रोपवाटिकेंत १८२३ सालीं त्याचा एक प्रसिद्ध संकर झाला, आणि पुढें संकरावर संकर होत त्याचीं मोठीं, रंगीत तुरेदार फुलें निपजलीं. ज्या पावसानें सांजफुलास अडविलें, त्यानें ह्यास कां अडविलें नाहीं? माणसास तें विकावयास हवें होतें, हेंच उत्तर. माणूस त्याचे कंद उकरून गारव्यांत ठेवतो, हिवाळ्याच्या सुमारास लावतो आणि पाटाचें पाणी देतो. निसर्गानें नाकारलेला पाऊस त्यानें आपल्या हातानें पाडला. हेस्पेरॅन्थासाठीं मात्र एवढी यातायात कोणीं केली नाहीं. त्याच्या लहानशा फुलास येथें गिऱ्हाईक नव्हतें.

राहिला गुलबास. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यानंतर मिरची, काजू, अननस, पेरू अशा अनेक अमेरिकन वनस्पति समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आल्या. गुलबास आणि मेक्सिकोची गुलछडी हींहि त्याच खंडाचीं लेंकरें. गुलछडीस शेतकऱ्यानें मळ्यांत जागा दिली, कारण तिचे हार होतात. गुलबासास कोणीं मुद्दाम जागा दिली नाहीं. त्यानें ती स्वतः मिळविली. त्याचें मूळ रताळ्यासारखें जाड असतें व कोरड्या दिवसांत झाडाचा जीव तेथें सांठून राहतो. मिऱ्यासारखें काळें बी अंगणांत सांडतें आणि पहिल्या पावसांत उगवतें. पतंग न आला तरी स्वतःच्या परागांवर त्याचें भागतें. नांवहि त्यानें फारसीचें घेतलें, आणि मराठी बायकांनीं त्याचा ‘गुलबास’ करून टाकला. आगबोटींच्या आधींच आलेला हा पाहुणा दाराशींच राहिला आणि घरचा झाला.

ह्या तीन-चार फुलांच्या हकीकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. जहाज वनस्पतीस नेऊन पोंचवितें. पण ती रुजेल कीं नाहीं, हें पाऊस ठरवितो, आणि पावसाचा निकाल फिरवावयाचा तर माणसाची गरज तेवढी मोठी असावी लागते. ह्यांत सांजवेळेच्या त्या जुन्या पाहुण्यास, पतंगास, मात्र कोणीं विचारलें नाहीं.

आणि खरी चिंता आतां त्याचीच आहे. लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांची एक जात आफ्रिकेंतहि आढळते आणि भारतांतहि. तिच्या अळ्या रताळ्याच्या वेलावर पोसतात, म्हणून शेतकरी त्यांच्यावर औषध फवारतो, आणि त्यांत त्याचाहि दोष नाहीं. परंतु दुसरें संकट प्रकाशाचें आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, रात्रीं दिव्यांनीं उजळलेल्या कुरणांत फुलांकडे येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी शेंकडा ६२ नीं घटल्या. आणि ज्या एका वनस्पतीची पाहणी केली, तिची फळधारणा शेंकडा १३ नीं उतरली. तेथील ही उणीव दिवसाच्या मधमाशांनाहि भरून काढतां आली नाहीं.

जें युरोपांतील कुरणांत घडलें, तें गोदाकाठच्या दिव्यांच्या रस्त्यांवर घडणार नाहीं, असें मानण्यास आधार नाहीं. गुलबास त्यामुळें नाहींसा होणार नाहीं. त्याला स्वतःच्या बळावर जगतां येतें. तो ठरल्या वेळीं उमलेल, वास सोडील आणि सकाळीं मिटेल. परंतु ज्याच्यासाठीं हा वेळेचा नेम घडला, तो पाहुणा दाराशीं फिरकला नाहीं, तर त्या उमलण्याला सांजवेळ ओळखण्यापलीकडे अर्थ उरणार नाहीं. अंगणांतला एक दिवा थोडा वेळ मालविणें एवढेंच ज्याच्या हातीं आहे, त्यानें तेवढें केलें तरी ह्या जुन्या ओळखीचा मान राहील.