एका नावाची साक्ष

‘टॅरंटुला’ हे नाव मुळात उसने. इटलीतील तारांतो शहरावरून ते तिथल्या एका वेगळ्याच कोळ्याला मिळाले. पुढे अमेरिका खंडातल्या मोठ्या केसाळ कोळ्यांनाही तेच चिकटले. मला मात्र या कुळातील ‘ॲव्हिक्युलॅरिया’ या प्रजातीच्या नावाचे कुतूहल अधिक, कारण त्यात एका बाईच्या शब्दाची पत गुंतली आहे.

मारिया सिबिला मेरियन ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार. विद्यापीठाचे तोंड न पाहता, अळ्या पाळून ती कीटकविद्या शिकली. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ती धाकट्या मुलीसह सुरिनामला गेली. १७०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तिचा ग्रंथ निघाला. त्याच्या अठराव्या चित्रात पेरूच्या फांदीवर एक कोळी गुंजनपक्ष्याला खातो आहे.

१७५८ मध्ये लिनियसने या कोळ्याच्या जातीला ‘ॲव्हिक्युलॅरिया’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘ॲव्हिक्युला’ म्हणजे चिमुकले पाखरू. लात्रेयने १८०२ मध्ये अशा कोळ्यांसाठी ‘मायगेल’ ही प्रजाती केली, पण ते नाव क्युव्हिएने आधीच एका सस्तन प्राण्याला दिलेले होते. एकच नाव दोन प्राणिप्रजातींना चालत नाही. अखेर लामार्कने १८१८ मध्ये लिनियसचे जातिनामच प्रजातीला दिले.

दरम्यान चित्रावरचा विश्वास उडत चालला होता. १८३४ मध्ये मॅक्लीने कोळी पक्षी खातो हेच नाकारले. शंकेला जागाही होती: गुंजनपक्षी दोन अंडी घालतो, मेरियनने घरट्यात चार काढली. पण १८६३ मध्ये हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या प्रदेशात स्वतः पाहिलेले लिहिले: झाडाच्या खोडावर कोळी, आणि त्याच्या तावडीत दोन लहान पक्षी, एक मेलेला, एक मरणपंथाला लागलेला.

अर्थ खोटा वाटला म्हणून शास्त्रीय नाव बदलत नाही. हा नियम सत्याची हमी देत नाही, केवळ अग्रक्रम जपतो. तरी माझ्या मते त्यानेच मेरियनची साक्ष बेट्स येईपर्यंत दप्तरी ठेवली.

२०१७ मध्ये फुकुशिमा आणि बर्तानी यांनी प्रजातीची फेरतपासणी केली. चाळीसहून अधिक जातींपैकी बऱ्याच वगळून वा अन्यत्र हलवून, नव्या धरून बाराच ठेवल्या. त्या नव्यांतली एक ‘मेरियानी’.

मेरियनला माहिती देणाऱ्या मूलनिवासी आणि गुलाम बायकांचा उल्लेख तिच्या ग्रंथात आहे. त्यांची नावे नाहीत. त्यामुळे कोणत्याही कोळ्याला ती देता येणार नाहीत.